एक फोटो, दोन धोके : युक्रेनमधली एचआयव्हीसह जगणारी मुलं आणि कॅमेरा
(वाचकांचे प्रश्न)

युक्रेनमधली एचआयव्हीसह जगणारी तरुण मुलंमुली युद्धकाळातलं आपलं रोजचं जगणं फोटोंतून मांडतात, याविषयीचा लेख मागच्या अंकात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं छायाचित्रण शिकवणाऱ्यांनी आणि एचआयव्ही समुपदेशन करणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : जिथे डोक्यावर बॉम्ब पडतात तिथे अन्न हवं, औषध हवं. अशा मुलांच्या हातात कॅमेरा देऊन काय साधतं? (पुणे)

औषध आधी, यात वाद नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने अनेक बाजूंनी हल्ला केला, तेव्हा युक्रेनमध्ये सुमारे अडीच लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. तिथे आज बहुतेकांना टीएलडी ही रोजची एक गोळी असते. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं तिच्यात एकत्र असतात. जगभर वापरली जाणारी ही गोळी बहुतांशी भारतीय कंपन्याच बनवतात. ती नियमित घेतली तर रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा होतो आणि लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो.

पण गोळी हातात आली म्हणजे पोटात गेली असं होत नाही. तळघरात चाळीस माणसं दाटीवाटीने बसली आहेत, शेजारी वर्गातली मुलगी आहे, डबी हलली की गोळ्या खुळखुळतात. अशा जागी सोळा वर्षांच्या मुलाने गोळी घ्यायची कुठे? सर्वेक्षणाच्या अर्जावर ‘औषध मिळतं का?’ या प्रश्नापुढे हा मुलगा ‘हो’ लिहितो आणि अर्ज तिथेच संपतो. त्याने काढलेला, जिन्याखालच्या कोपऱ्याचा अंधारा फोटो पुढची गोष्ट सांगतो. औषधं पाठवणाऱ्यांना आवाज न करणारी छोटी डबी द्यायची बुद्धी अशा फोटोवरून होते.

‘फोटोव्हॉइस’ नावाच्या या पद्धतीची मांडणी कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकात केली. तिथल्या ६२ ग्रामीण स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्याचे फोटो काढले आणि ते घेऊन आरोग्याची धोरणं ठरवणाऱ्यांपुढे आपलं म्हणणं मांडलं. प्रत्येक फोटोपुढे पाच प्रश्न विचारायचे : यात काय दिसतं? इथे खरं काय चाललं आहे? याचा आपल्या जगण्याशी संबंध काय? हे असं का आहे? आपण काय करू शकतो? दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर जितका वेळ द्याल तितका कमीच. घाईत असलेले कार्यकर्ते पहिल्यावरून थेट पाचव्यावर उडी मारतात आणि मग हाती येते नुसती मागण्यांची यादी.

प्रश्न : मी पोलंडमधल्या क्राकुव्हमध्ये राहते. युक्रेनमधून आलेल्या किशोरवयीन मुलांसाठी काम करणाऱ्या गटात स्वयंसेवक आहे. त्यांतल्या काहींना एचआयव्ही आहे, पण सगळ्यांना एकमेकांचं माहीत नाही. फोटोंची कार्यशाळा घ्यायची तर कशी आखू?

सर्वांत आधी नाव. कार्यशाळेच्या नावात, अर्जात, व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्राम ग्रुपच्या नावात ‘एचआयव्ही’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘नव्या गावात मी’ असलं काहीतरी साधं नाव ठेवा. उपचार केंद्राच्या मदतगटात एकमेकांना आधीच ओळखणारी मुलं असतील तरच फक्त त्यांचा वेगळा गट करा. तसं नसेल तर मिश्र गट ठेवा आणि कुणालाही कशाबद्दलही विचारू नका. ज्याला सांगायचं आहे तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत आपणहून सांगतो. कित्येक जण कधीच सांगत नाहीत, आणि त्यांचे फोटो तेवढेच मोलाचे असतात.

गटात सहा ते आठ मुलं पुरेत. दहा झाली की शेवटच्या दोघांच्या फोटोंवर बोलायला वेळच उरत नाही. दोन-दोन तासांच्या पाच भेटी धरा. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नका. काय काढायचं नाही, कुणाला विचारून काढायचं आणि नकार कसा द्यायचा एवढंच बोला. दुसऱ्या भेटीत प्रकाश आणि चौकट शिकवा. मग एक आठवडा मुलांना मोकळं सोडा. तिसऱ्या आणि चौथ्या भेटीत प्रत्येकाने आपल्या फोटोंतले तीनच निवडायचे आणि त्यांवर बोलायचं. पाचवी भेट फोटोखालच्या ओळी लिहिण्यासाठी. या ओळी मुलाने स्वतःच्या भाषेत, युक्रेनियन किंवा रशियन, जशी तो बोलतो तशा लिहाव्यात. भाषांतर करणाऱ्याकडूनही गुप्ततेची लेखी हमी घ्या. ही कडी नेहमी विसरली जाते, आणि शहरातल्या निर्वासितांमध्ये दुभाषी सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

संमती दोनदा घ्यायची असते. पहिली कार्यशाळेत येण्याची. दुसरी प्रत्येक फोटोसाठी वेगळी, आणि तीही पायऱ्यापायऱ्यांनी : फक्त या गटात दाखवायचा; छापून, पण युक्रेनबाहेर; छापून, युक्रेनमध्येही; आणि सर्वांत शेवटी इंटरनेटवर. शेवटच्या दिवशी सगळी मुलं उत्साहाने ‘सगळीकडे लावा’ म्हणतात. त्या दिवशीची सही धरू नका. आठवडाभराने एकेकट्याला पुन्हा विचारा, आणि विचारताना असा प्रश्न करा : ‘हा फोटो अजिबात दिसू नये असं एक माणूस कोण?’ मुलाला नेमकं उत्तर सुचतं. मग तोच फोटो पायरी बदलतो. आणि इंटरनेटवर गेलेला फोटो नंतर मागे घेता येत नाही, हेही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

पालकांच्या सहीचा पेच मोठा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी ती लागते, पण कुणाची आई गेलेली असते, कुणाचे वडील आघाडीवर असतात, कुणी आजीबरोबर आलेलं असतं आणि आजीला मुलाच्या आजाराचं काही माहीत नसतं. युक्रेनमध्ये चौदा वर्षांपुढच्या मुलाला एचआयव्ही तपासणीसाठी स्वतः संमती देता येते, त्यामुळे घरच्यांना न सांगता उपचार घेणारी मुलंही असू शकतात. म्हणून पालकांच्या कागदावर फक्त फोटोंच्या कार्यशाळेविषयी लिहा. आजाराविषयीची संमती मुलाशी आणि त्याच्या समुपदेशकाशी वेगळी बोलून घ्या. आजीने तो कागद शेजारणीला दाखवला तरी काही उघड होता कामा नये, ही कसोटी लावून मजकूर वाचा. कायदेशीर पालक कोण हे पोलंडच्या नियमांनुसार ठरतं; ते तुमच्या संस्थेच्या वकिलाकडून आधी तपासून घ्या.

प्रश्न : मी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होतो, २०२२ मध्ये परतलो. तिथे लोकांचे फोन तपासले जायचे ते आठवतं. अशा परिस्थितीत या मुलांनी फोनवर फोटो काढणं सुरक्षित आहे का? (लातूर)

तुमची शंका रास्त आहे. या मुलांच्या प्रत्येक फोटोत दोन धोके असतात : एक, आजार उघड होण्याचा, दुसरा, जागा उघड होण्याचा. मदत करणाऱ्यांचं लक्ष बहुधा पहिल्याकडेच असतं.

आधी जागेचं. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही साठतात. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन लोकेशन सर्व्हिसेसमध्ये कॅमेऱ्यापुढे ‘नेव्हर’ निवडायचं. अँड्रॉइडमध्ये कॅमेऱ्याच्याच सेटिंग्जमध्ये लोकेशन टॅग बंद करायचा. हे फोटो काढण्याआधी करायचं. नंतर बंद केल्याने जुन्या फोटोंतली माहिती जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण फोटो दाबून लहान होतो. फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो आणि त्याबरोबर माहितीही. म्हणूनच चांगल्या छपाईसाठी मूळ फाइल मागवणारे संयोजक नकळत मुलांचे पत्ते गोळा करून बसतात. मूळ फाइल हवीच असेल तर प्रत्यक्ष भेटून केबलने घ्या आणि माहिती पुसूनच साठवा.

पण फाइल स्वच्छ झाली तरी चित्र बोलतंच. खिडकीबाहेरचं धुराडं, ट्रामचा क्रमांक, दुकानाची पाटी, धुराची दिशा यांवरून जाणकार माणूस थोड्या वेळात जागा शोधतो. युक्रेनच्या फौजदारी कायद्यात मार्च २०२२ मध्ये कलम ११४-२ आलं. सैन्याच्या जागा आणि हालचालींची माहिती, त्यात फोटो आले, परवानगीशिवाय पसरवणं हा त्यानुसार तुरुंगवासाचा गुन्हा आहे. हल्ल्याच्या ठिकाणचे फोटो नागरी जागा असेल तर तीन तास आणि लष्करी असेल तर बारा तास प्रसिद्ध करू नयेत, असा दंडक तिथल्या पत्रकारांसाठी घालून दिलेला आहे. मुलांसाठी आम्ही याहून कडक नियम सुचवतो : नाके, लष्करी गाड्या, पूल, वीज उपकेंद्र आणि नुकताच हल्ला झालेली इमारत यांचे फोटो मुळातच काढायचे नाहीत. बाकीचे फोटोही काढल्या दिवशी कुठेही टाकायचे नाहीत.

आता आजाराचं. डबीवरचं लेबल, उपचार केंद्राचं कार्ड, रोज एकाच वेळी वाजणारा गजर, कॅलेंडरवरच्या खुणा, दवाखान्याच्या बाकाचा विशिष्ट रंग. यातलं काहीही ओळख पटवायला पुरतं. डबीचा फोटो काढायचाच असेल तर लेबल भिंतीकडे वळवा. फोटोसाठी गोळ्या दुसऱ्या डबीत ओतून ठेवू नका. मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते आणि दमट तळघरात तिची गरज असते. उपचार केंद्रातल्या रांगेचा फोटो तर नकोच, तिथे उभ्या असलेल्या इतरांनी कसलीही संमती दिलेली नसते.

आणि फोन तपासला जाण्याविषयी : लपवलेलं फोल्डर हा उपाय धरू नका. ते कुठे असतं हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि लपवलेलं सापडलं की संशय वाढतो. रशियाने व्यापलेल्या भागातून किंवा नाक्यांवरून ये-जा करणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये हे फोटो नसावेत, हाच उपाय. क्लाउडवर आपोआप होणारी साठवण बंद करा. नाहीतर आईच्या टॅबलेटवर तोच फोटो उमटतो. कचरापेटीचं फोल्डरही रिकामं करा, कारण पुसलेला फोटो तिथे साधारण तीस दिवस राहतो. व्याप्त भागात राहणाऱ्या मुलाने अशा उपक्रमात भाग घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कुठलंही प्रदर्शन त्या धोक्याच्या मोलाचं नाही.

प्रश्न : चेहरा न दाखवता व्यक्तिचित्र कसं काढायचं? नंतर चेहरा धूसर केला तर चालेल का? (छायाचित्रकार, कोल्हापूर)

नंतर धूसर करण्यापेक्षा चेहरा मुळात न टिपणंच बरं. हलका धूसरपणा किंवा मोठे चौकोन टाकले तरी केस, खांदे, कानाची ठेवण शिल्लक राहते. फोनमधल्या हायलायटरने चेहरा काळा करणं तर धोकादायकच, कारण तो रंग अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालचा चेहरा दिसू लागतो. झाकायचंच असेल तर पूर्ण अपारदर्शक आकार टाका, त्याची नवी प्रत काढा आणि मूळ फाइल नष्ट करा.

काढतानाच करायचं तर मुलाला खिडकीसमोर, पाठीमागून उजेड येईल असं उभं करा. फोनच्या पडद्यावर खिडकीच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. माणूस काळी आकृती होतो. मग खिडकीबाहेर काय दिसतं ते पाहा आणि तिथे पातळ पांढरा पडदा सोडा. जागाही झाकली जाते आणि प्रकाशही मऊ होतो. भिंतीवरची सावली, वाफ धरलेल्या काचेमागचा हात, बूट, पाठीवरची बॅग, न आवरलेला बिछाना ही सगळी व्यक्तिचित्रंच आहेत. फक्त हात घेणार असाल तर अंगठी, नखांचा रंग, गोंदण आणि व्रण तपासा. ओळखीच्या माणसाला तेवढं पुरतं, आणि या मुलांना भीती असते ती ओळखीच्यांचीच.

काही मुलांना चेहरा दाखवायचा असतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. टीनर्जायझर या तरुणांच्या संघटनेच्या याना पानफिलोवा यांनी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एचआयव्हीसह जगणारी तरुणी म्हणून उघड भाषण केलं. पण त्यामागे कित्येक वर्षांची तयारी आणि सोबत होती. तीन आठवड्यांच्या कार्यशाळेनंतर कुणा मुलाकडून तसल्या धैर्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

प्रश्न : वीज नाही, कडाक्याची थंडी. अशा वेळी फोन बरा, की हातोहात छापून देणारा कॅमेरा, की फिल्मचा? (नागपूर)

हातोहात छापणाऱ्या इन्स्टॅक्स मिनीसारख्या कॅमेऱ्याचा मोठा गुण म्हणजे मागे फाइल राहत नाही. प्रत एकच, मुलाच्या हातात. नको वाटली तर फाडून टाकता येते. चित्र ६२ × ४६ मिलिमीटरचं, पाकिटात दहा फोटो. दहाच असल्यामुळे मुलं विचार करून काढतात, हाही फायदाच. पण ही फिल्म ५ ते ४० अंश सेल्सिअसमध्ये नीट उमटते. युक्रेनच्या हिवाळ्यात बाहेर काढलेला फोटो फिका आणि निळसर येतो. उपाय सोपा : बाहेर आलेला फोटो लगेच कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा. तो हलवायचा किंवा वाकवायचा नाही. साध्या मॉडेलांत फ्लॅश प्रत्येक वेळी पेटतोच, तो बंद करता येत नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर हा कॅमेरा घराबाहेर काढू नये.

एकदाच वापरायच्या फिल्म कॅमेऱ्यात साधारण २७ फोटो निघतात आणि थंडीचा त्याला फारसा त्रास नसतो. फ्लॅशचा पल्ला एक ते तीन मीटर. तळघराच्या दुसऱ्या टोकाचं काही काढलं तर काळोखच येतो. खरी अडचण धुण्याची आहे. फोटो धुणारा अनोळखी माणूस सगळे फोटो पाहतो. तेव्हा प्रयोगशाळा आधी ठरवा. युक्रेनमधून नागरी विमानं उडत नाहीत, फिल्म रस्त्याने किंवा रेल्वेने बाहेर येते. पण पुढे पोलंडमधून विमानाने नेणार असाल तर ती सामानात टाकू नका, हातात ठेवा आणि एक्स-रेऐवजी हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्मवर धुरकट पडदा येतो.

फोन बहुतेकांकडे असतोच. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ४,५०० एमएएचचा फोन प्रत्यक्षात साधारण तीनदाच पूर्ण भरतो, काही वीज वाटेत वाया जाते. सायरन वाजला की मुलाला फोन घरी कळवायला लागतो, म्हणून फोटोंपायी बॅटरी तीस टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही. थंडीत फोन अचानक बंद पडतो. तो आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार खोलीत येताना आधी प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाला आणि अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं. अंधारात विजेरीचा झोत थेट मारण्याऐवजी समोर पांढरा कागद धरा आणि फोन बरणीला टेकवून तीन सेकंदांचा नाइट मोड वापरा.

प्रश्न : फोटोबद्दल बोलता बोलता मूल कोसळलं तर काय करायचं? (समुपदेशक, सोलापूर)

थांबायचं. ‘पूर्ण कर, मोकळं वाटेल’ असं म्हणायचं नाही. पहिल्याच भेटीत प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्या. ते उलटं ठेवलं की त्या फोटोवर पुढे कुणी काही विचारणार नाही, असं ठरवा. खोलीत दोन मोठी माणसं हवीत, म्हणजे एक जण मुलाबरोबर बाहेर जाऊ शकतो. पाय जमिनीवर टेकवून बसणं, पाणी पिणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं यांनी मूल भानावर येतं. त्याच दिवशी संध्याकाळी चौकशी करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा गोळी घेतली का हेही सहज विचारा. मन बिघडलं की सर्वांत आधी चुकते ती गोळीच. चुकली असेल तर आठवताच घ्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. मरणाविषयी बोलणं ऐकू आलं तर ते फोटोच्या चर्चेत ठेवू नका, त्याच तासाला मानसोपचार करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवा.

आई, घर किंवा हरवलेलं माणूस असे विषय देऊ नका. ‘सकाळी पहिल्यांदा हाताला लागते ती वस्तू’ हा विषय द्या. ज्याला आईविषयी सांगायचं आहे तो कपाचा फोटो काढूनही सांगतो.

प्रश्न : आपल्याकडे युद्ध नाही, पण मुलं तीच आहेत. महाराष्ट्रात असं काही करायचं तर? आणि प्रदर्शनासाठी फोटो छापायचे कसे? (सांगली)

मुंबईत असं काम झालेलं आहे. छायाचित्रकार गिडियन मेंडेल आणि प्राध्यापक डेव्हिड गियर यांच्या पुढाकाराने जगातल्या अनेक शहरांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी स्वतःचे फोटो काढले, त्यांत मुंबईही होती. आपल्याकडे एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माहिती देऊन घेतलेल्या लेखी संमतीशिवाय कुणाचीही स्थिती उघड करता येत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख माध्यमांत देण्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. बालगृहातली मुलं घेणार असाल तर बालकल्याण समितीची परवानगी आधी काढा. एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्राच्या, आवारात फोटो नकोत.

छपाईचं शेवटी विचारलं आहे. बारा मेगापिक्सेल फोनचा मूळ फोटो ४००० × ३००० बिंदूंचा असतो. तो २०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २०० बिंदू धरून, २० × १५ इंचांपर्यंत चांगला छापतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा आलेला फोटो सहसा १६०० बिंदूंच्या आसपास असतो, तो ८ इंचांपुढे नेऊ नका. स्टुडिओत छापायला देताना स्वतः समोर उभे राहा, चाचणीच्या फसलेल्या प्रती मोजून परत घ्या आणि त्यांच्या संगणकावरची फाइल आपल्यादेखत पुसायला लावा. प्रदर्शन उतरलं की मोठ्या प्रती कार्यालयात लावून ठेवू नका. ज्याचा फोटो त्याला विचारा, आणि ठेवायला घरी जागा नाही असं तो म्हणाला, तर पाकीट बंद करून त्याच्या समुपदेशकाकडे ठेवा, वर नावाऐवजी त्यानेच निवडलेली खूण लिहून.